वडिलांचा जन्म पोर्तुगीज गोव्यातला : लिस्बनला नोंद केली तर भारतीय नागरिकत्वाचे काय होते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचा जन्म १९५४ चा, पेडणे तालुक्यातला, म्हणजे पोर्तुगीज अमलातला. तुमचा जन्म १९८३ साली सावंतवाडीत, राहणे सध्या ठाण्यात. धाकट्या भावाने काही वर्षांपूर्वी एका एजंटामार्फत आधी वडिलांचा आणि मग स्वतःचा जन्म लिस्बनला नोंदवून घेतला. तिथले ओळखपत्र त्याला मिळाले, पासपोर्ट मात्र त्याने काढलेला नाही. ‘पासपोर्ट काढला नाही म्हणजे मी अजून भारतीयच’ असे त्याचे म्हणणे आहे. तो मतदान करतो आणि भारतीय पासपोर्टवर दुबईला जाऊन आला. आता तुमच्या एकोणीस वर्षांच्या मुलालाही तेच करायचे आहे. त्याने करावे का, आणि त्यात तुमचे आणि वडिलांचे काही बिघडेल का, हे तुम्हाला हवे आहे.

मी गोव्यात वकिली करतो आणि ही प्रकरणे माझ्याकडे सतत येतात. तुम्ही मुलाबद्दल विचारलेत, पण तुमचे पत्र वाचून मला जास्त काळजी वाटली ती वडिलांची आणि भावाची. मुलाने अजून काही केलेले नाही, त्याच्यापुढे सगळे पर्याय खुले आहेत. वडिलांनी सही केलेली आहे.

लिस्बनला जन्म नोंदवणे हे नुसते कागद काढून ठेवणे आहे, असे गोव्यात आणि सिंधुदुर्गात सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. ती नागरिकत्वाचीच कृती आहे. आपल्या कायद्यात तिचा परिणाम काय, यावर वाद घालता येतो, पण परिणामच नाही असे म्हणता येत नाही. हे समजण्यासाठी १९६१ पासून सुरुवात करावी लागेल, कारण गुंता तिथेच पडला.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. घटनेच्या बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव हे प्रदेश २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे धरले गेले. प्रदेश भारताचा झाला, पण माणसांचे काय? त्यासाठी नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ७ खाली केंद्राने २८ मार्च १९६२ ला वेगळा आदेश काढला. त्यातले सूत्र असे : जो स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी कोणी, किंवा आजीआजोबांपैकी कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले, तो त्या दिवशी भारताचा नागरिक झाला असे मानले जाईल. अर्ज नको, शपथ नको, दाखला नको. तुमचे वडील सात वर्षांचे असताना असेच भारतीय झाले. ज्याला आधीचे नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवायचे, एवढीच सवलत होती.

एक महिना! पणजीत राहणाऱ्या शिकलेल्या माणसाला तो कदाचित पुरला असेल. सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातल्या शेतकऱ्यापर्यंत, मोझांबिकमध्ये नोकरी करणाऱ्यापर्यंत ही सूचना कशी पोचायची? १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही हे गोव्याच्या लोकांना विचारले गेले, त्यावर गावोगाव सभा झाल्या. नागरिकत्वाच्या निवडीला ना तेवढा वेळ मिळाला ना तेवढा आवाज. बहुसंख्य लोक आनंदाने भारतीय झाले यात मला शंका नाही. पण निवड करण्याची संधी बहुतेकांना आपल्यापुढे होती हेच ठाऊक नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

ज्यांनी निवड केली त्यांचे काय झाले, हे मोन्सेन्योर मोंतेरो यांच्या खटल्यात दिसते. या गोमंतकीय धर्मगुरूंनी मुदतीत पोर्तुगीज नागरिकत्व राखले. मग ते आपल्याच जन्मभूमीत परकीय ठरले, आणि राहण्याचा परवाना संपल्यावर त्यांच्यावर परकीय नागरिक कायद्याखाली खटला झाला. गोवा हा व्यापलेला प्रदेश असल्याने जिनिव्हा करारांचे संरक्षण आपल्याला आहे, असा त्यांचा बचाव होता. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला : प्रदेश भारतात सामील झाला तेव्हाच लष्करी ताबा ही अवस्था संपली, त्यामुळे परक्या देशाचे नागरिकत्व राखणाऱ्याला इथे राहायला परवानगी लागणारच. तो जुना कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला आहे, पण हे तत्त्व तसेच आहे. जन्म गोव्यातला, घर गोव्यातले, सात पिढ्या गोव्यातल्या, यातल्या कशानेही परकीय नागरिकाला राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

आता पोर्तुगालची बाजू. तिथला हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने गोव्याचे विलीनीकरण कधीच मानले नाही. १९७४ च्या क्रांतीनंतर तिथले सरकार बदलले, ३१ डिसेंबर १९७४ ला भारताशी करार झाला आणि पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पुढच्याच वर्षी आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या, तेव्हा पोर्तुगालने २४ जून १९७५ चा नागरिकत्वाचा हुकूम काढला. वसाहतींत जन्मलेल्या बहुतेकांचे पोर्तुगीज नागरिकत्व त्याने संपवले. मात्र पूर्वीच्या ‘एस्तादो दा इंडिया’त, म्हणजे पोर्तुगीज भारतात, जन्मलेल्यांसाठी वेगळी तरतूद ठेवली : ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवायची इच्छा जाहीर केली, त्यांचे ते राहील. १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने पोर्तुगीज आई किंवा वडिलांच्या परदेशात जन्मलेल्या मुलांना नोंदणी करून मूळचे पोर्तुगीज मानले जाण्याचा मार्ग दिला. या दोन्हींच्या आधारावर आज लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात, ज्याला आपल्याकडे सगळे ‘कोंसेर्वातोरिया’ म्हणतात तिथे, गोव्याच्या आसेंताची, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीची, नोंद होते.

म्हणजे एकाच माणसाला दोन देश आपला मानतात, आणि दोघांचीही गोष्ट आपापल्या जागी सुसंगत आहे. पोर्तुगाल म्हणतो, तुमचे वडील जन्मापासून पोर्तुगीजच होते, आम्ही फक्त नोंद घेतली. भारत म्हणतो, ते २० डिसेंबर १९६१ ला भारतीय झाले, त्यानंतर त्यांनी काय केले ते सांगा. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालते, आपल्या घटनेला आणि कायद्याला चालत नाही. एजंट तुम्हाला फक्त पहिले वाक्य ऐकवतो.

आपल्या कायद्याचे कलम ९ म्हणते की जो भारतीय नागरिक स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. यासाठी कोणी नोटीस द्यावी लागत नाही, कोणी आदेश काढावा लागत नाही. ते त्या क्षणी संपते. वाद झाला तर निर्णय कलम ९(२) प्रमाणे केंद्राने नेमलेल्या प्राधिकाऱ्याने करायचा असतो. तो हक्क पोलिसांना नाही, तलाठ्याला नाही आणि गावातल्या तक्रारदारालाही नाही. पुराव्याचे नियम २००९ च्या नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यात दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवणे हा स्वेच्छेने नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा मानला आहे.

‘पासपोर्ट नाही म्हणजे मी सुरक्षित’ ही तुमच्या भावाची समजूत या शेवटच्या वाक्यातून आली आहे. पण नियम नीट वाचा. पासपोर्ट असेल तर वादच संपला, एवढेच तो सांगतो. पासपोर्ट नसेल तर नागरिकत्व घेतलेच नाही, असे तो सांगत नाही. तिथे इतर पुराव्यावरून ठरवावे लागते, आणि भावाच्या बाबतीत तो पुरावा भक्कम आहे. त्याचा जन्म १९६१ नंतरचा. ‘मी आधीपासूनच पोर्तुगीज होतो’ असे त्याला म्हणता येत नाही. वडिलांच्या नात्याने मला पोर्तुगीज व्हायचे आहे, अशा अर्थाचा अर्ज त्याने सज्ञान असताना स्वतःच्या सहीने केला, आणि तिथल्या नागरिकाचे ओळखपत्र घेतले. स्वेच्छा यापेक्षा वेगळी कशी दाखवणार? माझे मत विचाराल तर त्याने स्वतःला यापुढे भारतीय नागरिक म्हणून कुठेही लिहून देऊ नये.

वडिलांचे प्रकरण मात्र वेगळे आहे आणि त्यांच्यासाठी भांडायला जागा आहे. ते पोर्तुगीज अमलात जन्मले. लिस्बनने त्यांना नवे काही दिले नाही, जुनी नोंद उतरवून घेतली. त्यांनी कार्ड घेतले नाही, पासपोर्ट घेतला नाही. सही मुलासाठी केली. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि मी तो करतो. पण समोरून १९७५ च्या त्या हुकमातली ‘इच्छा जाहीर करण्याची’ अट दाखवली जाते : इच्छा जाहीर केली की ती स्वेच्छाच झाली. तेव्हा वडिलांनी नेमक्या कोणत्या कागदावर सही केली, हे आधी शोधा. फक्त जन्माची नोंद उतरवण्याचा अर्ज होता की नागरिकत्वाबद्दलचे निवेदनही होते? मुखत्यारपत्र दिले असेल तर त्यात काय लिहिले होते? कागद पोर्तुगीजमध्ये असेल तर त्याचे भाषांतर करून घ्या. सत्तरी गाठलेल्या माणसांकडून, त्यांना न समजणाऱ्या भाषेतल्या कागदांवर, ‘पोरांच्या भल्यासाठी’ म्हणून सह्या घेतल्या जातात आणि त्या सहीने त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वावर प्रश्न उभा राहू शकतो हे त्यांना कोणी सांगत नाही. मला या सगळ्या व्यवहारात सर्वांत जास्त खटकते ते हेच. जो देश सोडायचा विचारही ज्यांच्या मनात आला नाही, त्यांनाच त्या देशाचे नागरिकत्व सिद्ध करत बसावे लागते.

वडिलांनी पुढे काहीही काढू नये. कार्ड नको, पासपोर्ट नको, पोर्तुगीज मतदार यादीत नाव नको. कोणी त्यांच्याविरुद्ध तक्रार केलीच, तर उत्तर वकिलामार्फत द्यावे आणि निर्णय केंद्राच्या प्राधिकाऱ्यानेच करावा असा आग्रह धरावा. तोपर्यंत ते भारतीय आहेत याच पायावर उभे राहावे.

भावाने काय करायचे ते सांगतो. भारतीय पासपोर्टवर पुन्हा प्रवास करायचा नाही. दुबईची फेरी नोंदणीनंतरची असेल तर ती लपवायची नाही. मतदान थांबवायचे. नागरिक नसलेल्याचे नाव मतदार यादीत राहू शकत नाही, आणि त्याबाबत खोटे निवेदन करणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली गुन्हा आहे. यादीतून नाव काढण्यासाठी नमुना ७ असतो. आधार कार्डाची एवढी धास्ती नको, ते रहिवासाचे आहे, नागरिकत्वाचे नाही. मग पासपोर्ट कार्यालयात स्वतःहून जाऊन भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि त्याचे प्रमाणपत्र घ्यायचे. ‘स्वतःहून’ या शब्दावर माझा जोर आहे. २०२२ च्या अखेरीनंतर गोव्यात असे कित्येक पासपोर्ट, माहिती दडवली या कारणाने, रद्द केले गेले. परत केलेल्या पासपोर्टचे प्रमाणपत्र आणि रद्द झालेल्याचे प्रमाणपत्र यांना पुढच्या कामात सारखी किंमत मिळेलच असे नाही, आणि २०२४ मध्ये यावरच्या केंद्राच्या सूचना बदलत राहिल्या. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी लागू असलेली सूचना हातात घेऊनच अर्ज करावा.

त्यानंतर ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. हे नागरिकत्व नाही, नाव काहीही असो. तो आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती आहेत. पण गोमंतकीयांसाठी कलम ७अ मध्ये खास दार आहे : १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातला माणूस, त्याची मुले, नातवंडे आणि पतवंडे यासाठी पात्र आहेत. ओसीआय मिळाले की भाऊ इथे हवा तितका काळ राहू शकतो, बहुतेक खासगी नोकऱ्या करू शकतो, फ्लॅट घेऊ शकतो. मतदान नाही, पंचायत ते संसद कुठलीच निवडणूक नाही, सरकारी नोकरी साधारणपणे नाही.

जमिनीबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण पेडण्याच्या घरात ती असणारच. ओसीआयवाल्याला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली ठेवता येते, विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. म्हणजे वडिलांच्या पश्चात काजूच्या बागेतला भावाचा हिस्सा बुडत नाही. मात्र आजच घाईने खरेदीखत करून त्याच्या नावावर करू नका, तिथे अडचण येईल. गोव्यातल्या कुटुंबांची पोर्तुगीज नागरिकत्वाची भीती बरीचशी १९६४ च्या निर्वासित मालमत्ता कायद्याच्या आठवणीतून आली आहे, कारण मुक्तीनंतर पोर्तुगालला निघून गेलेल्यांच्या मालमत्ता सरकारी कस्टोडियनकडे गेल्या. तो कायदा त्या काळातल्या निघून गेलेल्यांपुरता होता. आजच्या ओसीआयधारकाच्या वारसाहक्काशी त्याची गल्लत करू नये.

आता तुमचा मुलगा. तुम्ही स्वतः १९८३ साली भारतात जन्मलात. १९५० ते जून १९८७ या काळात इथे जन्मलेली व्यक्ती कलम ३ प्रमाणे जन्मानेच भारतीय. वडिलांच्या किंवा भावाच्या सहीचा तुमच्या नागरिकत्वावर काडीचाही परिणाम होत नाही. हे पक्के.

मुलाला पोर्तुगीज नागरिकत्वाचे दोन मार्ग आहेत आणि त्यातला फरक एजंट सहसा सांगत नाहीत, कारण पहिल्यात त्यांना दोन अर्जांचे पैसे मिळतात. पहिला, साखळीचा : आजोबा, मग तुम्ही, मग तुमचा मुलगा. यात मधली कडी म्हणून तुम्हाला स्वतःला पोर्तुगीज व्हावे लागते, म्हणजे तुमचे भारतीय नागरिकत्व तुम्ही पणाला लावता. दुसरा, मूळच्या पोर्तुगीजाचा नातू म्हणून थेट अर्ज. त्यासाठी पोर्तुगालशी प्रत्यक्ष संबंध दाखवावा लागतो, आणि त्यात पोर्तुगीज भाषेचे पुरेसे ज्ञान ही मुख्य गोष्ट. वाट लांब आहे, मुलाला भाषा शिकावी लागेल. पण तुम्ही जिथे आहात तिथेच राहता. मुलाचा निश्चय खरोखर पक्का असेल तर मी हाच मार्ग सुचवेन, आणि पोर्तुगालचे नागरिकत्वाचे नियम बदलत असतात म्हणून अर्जाच्या वेळचा मजकूर पणजीच्या पोर्तुगीज वाणिज्य दूतावासाकडून तपासून घ्यायला सांगेन.

तो कशासाठी जातो आहे, हेही त्याला विचारा. ‘लंडनला जायचे’ असे उत्तर आले तर थांबवा. स्विंडन, साऊथॉल, लेस्टर इथे गोवा, दमण, दीवची जी वस्ती झाली ती पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये मुक्तपणे जाता येत होते तेव्हाची. ३१ डिसेंबर २०२० ला ते दार बंद झाले. आधीपासून तिथे असलेल्यांसाठी सेटलमेंट योजना होती, तिची मुख्य मुदत ३० जून २०२१ ला संपली. आज नव्याने पोर्तुगीज झालेल्या मुलाला ब्रिटनमध्ये नोकरी करायची तर व्हिसा लागतोच, भारतीय पासपोर्टवाल्याला लागतो तसाच. युरोपीय संघातल्या देशांत मात्र राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क खरा आहे, आणि जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये शिकून नोकरी करण्याचा बेत असेल तर त्याचे मोल मोठे आहे. तरुणांनी जाऊ नये असे मी म्हणत नाही. आपल्याकडच्या पगारांत ज्यांचे घर चालत नाही त्यांना तसे सांगण्याचा मला हक्क नाही. मी एवढेच म्हणतो की भारतीय नागरिकत्व सोडायचे तर ते सोडतो आहोत हे जाणून सोडावे.

कागदांबद्दल. वडिलांचा आसेंत तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयातून मिळेल. जुन्या नोंदी पणजीच्या पुराभिलेख खात्यात असतात. नवीन काबिजादीतल्या, म्हणजे पेडण्यासारख्या पोर्तुगीजांनी नंतर घेतलेल्या तालुक्यांतल्या, हिंदू कुटुंबांत खरी अडचण नावांची. आसेंतात पोर्तुगीज धाटणीने नाव लिहिलेले, आडनावाच्या जागी ‘पोरोबो’ किंवा ‘सिनाय’, सावंतवाडीच्या शाळेच्या दाखल्यात गावाचे आडनाव, आधारवर तिसरेच. लग्नाच्या दाखल्यात वय दोन वर्षांनी वेगळे. हे ‘जुळवून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला घरात घेऊ नका. नोंद न्यायालयीन आदेशाने दुरुस्त होते. बनावट दाखल्यावर मिळालेले नागरिकत्व पोर्तुगालही काढून घेऊ शकते, आणि तोवर भारतीयही सोडलेले असले तर माणूस दोन्हीकडून उघडा पडतो. खऱ्या दाखल्यांवर राज्याचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जाण्यासाठीचा शिक्का, लागतो, त्यात लपवाछपवीचे काही नाही.

परतीचा रस्ता आहे का, असे भाऊ विचारील. आहे, पण लांबचा. जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक होते आणि जो अर्जाआधी सलग बारा महिने भारतात राहिला, तो कलम ५ खाली नोंदणीने पुन्हा नागरिक होण्यासाठी अर्ज करू शकतो. पाच वर्षे ओसीआय असलेल्यालाही बारा महिन्यांच्या वास्तव्यानंतर तशी सोय आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, निर्णय केंद्राकडे. नागरिकत्व देणे सरकारच्या मर्जीवर असते आणि त्याआधी पोर्तुगीज नागरिकत्व सोडावे लागते. मुक्तीपूर्वी शिकायला कराचीला गेलेल्या आणि पाकिस्तानी नागरिक झालेल्या एका वृद्ध गोमंतकीयाला २०२४ मध्ये सुधारित नागरिकत्व कायद्याखाली भारतीय नागरिकत्व मिळाले. त्यांना परत येऊनही दहाएक वर्षे थांबावे लागले होते.

तेव्हा क्रम असा ठेवा : या महिन्यात वडिलांनी सही केलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती एजंटाकडून लेखी मागवा. भावाला पासपोर्ट कार्यालयाकडे पाठवा. मुलाच्या अर्जाचे या दोन्हींनंतर बघू, त्याला घाई नाही; नातवाचा मार्ग धरायचा असेल तर तोवर त्याने पणजीत किंवा मुंबईत पोर्तुगीजचा वर्ग लावावा.